गळाची काठी स्वतः बांधताना ब्लँकची स्पाइन जुळवणे खरोखरच आवश्यक आहे का?

आवश्यक नाही, मात्र ती शोधून पाहण्यात तोटाही नाही. ग्रॅफाइटचे किंवा काचतंतूंचे राळयुक्त कापड निमुळत्या पोलादी दांड्यावर गुंडाळून ब्लँक, म्हणजे मूठ आणि गाइड (दोर ज्यांतून जाते त्या कड्या) बसवण्यापूर्वीची नुसती काठी, तयार होतो, आणि या गुंडाळीत जाडी सर्वत्र सारखी न राहिल्यामुळे त्याची एक बाजू किंचित ताठ होते; हीच स्पाइन, आणि गाइड तिच्या अनुषंगाने बांधणे म्हणजे ती जुळवणे. ब्लँकचा जाड बुंधा गुळगुळीत फरशीवर टेकवा, शेंड्याजवळ एका तळहातावर तो सैल धरा आणि दुसऱ्या हाताने मध्यभाग दाबत हळूहळू फिरवा. एका क्षणी तो हातात टुणकन उडी मारून स्थिर होतो. तिथे मास्किंग टेप लावून पेन्सिलीने खूण करा. काठी दोन तुकड्यांची असेल तर प्रत्येक तुकडा वेगळा तपासा.

स्पाइन जुळवली की मासा ओढताना काठी पिळत नाही, ही समजूत मात्र मला पटत नाही. पीळ प्रामुख्याने गाइड कुठे आहेत यावर ठरतो: स्पिनिंग काठीत (रीळ खाली असलेल्या) ते खालच्या बाजूला असल्याने काठी स्थिर राहते, तर बेटकास्टिंग काठीत (रीळ वर असलेल्या) ते वर असल्याने, स्पाइन कुठेही असली तरी, भार तिला उलटवू पाहतो. म्हणून मी ब्लँकचा नैसर्गिक बाक पाहतो (एक डोळा मिटून, बुंध्याकडून शेंड्याकडे) आणि तो बाजूला न दिसता वर किंवा खाली येईल अशा रीतीने गाइड बांधतो. बेटकास्टिंग काठीचा पीळ फारच खुपत असेल, तर गाइड सर्पिलाकार वळवत शेंड्याकडे खालच्या बाजूला आणावेत.