‘डायल ओरिजिनल’ लिहून दिलं होतं, पण दोन वर्षं संपत आलीत

नाशिकच्या एका वाचकांनी विचारलंय. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आठवडाभर आधी त्यांनी मुंबईतल्या जुन्या घड्याळांच्या एका व्यापाऱ्याकडून ओमेगा सीमास्टर हे स्विस मनगटी घड्याळ घेतलं, 1 लाख 40 हजारांना. व्यापाऱ्याने व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, ‘डायल 100 टक्के ओरिजिनल, रीपेंट नाही’. चार-पाच महिन्यांनी घड्याळ मागे पडायला लागलं म्हणून कारागिराकडे उघडलं, तर तो म्हणाला डायल नंतर रंगवलेली आहे. तेव्हापासून व्यापारी ‘गावी आहे’, ‘सीझन होऊ दे’ करत दिवस ढकलतोय आणि आता म्हणतो, घड्याळ कुरिअर करा, डायल बदलून देतो. पाठवू का?

नाही, अजिबात पाठवू नका. घड्याळ तुमच्या कपाटात आहे तोवर पुरावा तुमच्या हातात आहे, एकदा त्याच्याकडे गेलं की ती रंगवलेली डायल परत कोणाला दिसणार नाही आणि मग तुम्ही कशाच्या जोरावर भांडणार?

पण त्याहून मोठी गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही, ती म्हणजे तारीख. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकून निकाल देणाऱ्या मंचाकडे, तक्रार दाखल व्हावी लागते. आता कारण कधी घडलं? समोरचा वकील म्हणणार विक्रीच्या दिवशी. आपण म्हणणार कारागिराने उघडून दाखवलं त्या दिवशी, कारण रंगकाम साध्या डोळ्याला कळण्यासारखं नव्हतं. आपल्या म्हणण्यात दम आहे असं मला वाटतं, पण त्यावर वाद घालायची वेळच कशाला आणायची? बिलावरच्या तारखेपासून दोन वर्षं मोजा आणि तीच शेवटची तारीख धरा. तुमच्या सांगण्यावरून ती काही आठवड्यांवर आलीय.

आणि हे जे व्हॉट्सॲपवरचं ‘बघतो, करतो’ आहे ना, त्याने मुदत वाढते असं तुम्ही धरून चाललाय, तसं होत नाही. नोटीस पाठवली म्हणूनही वाढत नाही. उशीर माफ करायची सोय कलम 69 मध्येच आहे, पण त्याला सबळ कारण लागतं आणि आयोगाला ते लेखी नोंदवावं लागतं. ‘व्यापारी गोड बोलत होता म्हणून थांबलो’ हे सबळ कारण म्हणून चालेलच याची खात्री मी देऊ शकत नाही. दीड वर्षाहून जास्त काळ तुम्हाला डायलचं माहीत होतं, तेवढ्यात तक्रार दाखल केली असतीत तर आज ही धावपळ नसती. शेकडो लोक हेच करतात आणि मुदत गेल्यावर वकिलाकडे येतात, याचा खरंच त्रास होतो. नोटीस द्यायची तर आजच द्या, पण तिच्या उत्तराची वाट बघू नका, ग्राहक तक्रारीच्या आधी नोटीस दिलीच पाहिजे असं कायद्यात नाही.

तक्रारीत ‘नकली घड्याळ विकलं’ असं लिहू नका, तिथे केस हातची जाईल. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मशीन 552 कॅलिबरचं (कॅलिबर म्हणजे मशीनचं मॉडेल) आहे, तांबूस मुलाम्याचं, त्यावरचा आठ आकडी नंबर 24 ने सुरू होतो, म्हणजे साधारण 1966-67 चं. मशीन ओमेगाचंच असेल असं दिसतंय. पण तो नंबर मशीनचं वय सांगतो, डायलबद्दल काहीच सांगत नाही. डायलचं वेगळं बघावं लागतं. तुमच्याच जवळून काढलेल्या फोटोत सहाच्या खुणेखालचं ‘स्विस मेड’ मधोमध नाही, डावीकडे सरकलंय, अक्षरांच्या कडा फुगल्यात आणि मिनिटांच्या रेघा वर बसवलेल्या धातूच्या खुणांशी जुळत नाहीत. कारखान्याची छपाई अशी नसते. आपल्याकडे जुन्या स्विस घड्याळांच्या डायली इतक्या वर्षानुवर्षं रंगवल्या गेल्या की परदेशातले संग्राहक अशा मालाला सरळ ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. रंगवलेली डायल विकणं हा गुन्हा नाही, सांगून विकली तर काहीच हरकत नाही. इथे ‘रीपेंट नाही’ असं लिहून विकलीय. म्हणून तक्रार एवढीच, की वर्णन केलेली वस्तू मिळाली नाही. वस्तू विक्री कायदा 1930 चं कलम 15 नेमकं हेच म्हणतं, वर्णन सांगून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे.

बिलावर ‘आहे तसं, परत घेणार नाही’ छापलंय म्हणून तुम्ही घाबरलात. त्या छापील ओळीपेक्षा तुमच्या प्रश्नाला त्याने स्वतः टाईप करून दिलेलं उत्तर जास्त वजनदार ठरेल असं माझं मत आहे, पण आयोग कसा बघेल ते आत्ताच कोण सांगणार. मात्र तो मेसेज जपा. फोन बदलू नका, चॅट उडवू नका, प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडा, फोन-कॉम्प्युटरवरचा मजकूर पुरावा म्हणून देताना ते लागतं.

कारागिराचं तोंडी मत कामाचं नाही. त्याच्याकडून किंवा दुसऱ्या जाणकाराकडून लेखी घ्या, डायलची पुढची आणि मागची बाजू, मशीनवरचा नंबर, मागच्या झाकणाच्या आतला नंबर, सगळ्याचे फोटो तारखेसकट, आणि खाली त्याचं प्रतिज्ञापत्र. गरज पडली तर आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो, पण जुन्या डायलचा रंग तपासणारी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा कुठून आणणार, म्हणून जाणकाराच्या प्रतिज्ञापत्रावरच भिस्त ठेवा. सर्व्हिसिंगच्या वेळी काढलेले पार्ट तुम्ही मागून घेतले नाहीत, ते आता गेलेच. यापुढे कोणालाही पॉलिश करू देऊ नका.

अजून एक धोका आहे. तुम्ही व्यापाऱ्याला विचारलं होतं, ‘दोन-तीन वर्षांनी विकलं तर जास्त येतील का?’ पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार या कायद्यात ग्राहक ठरत नाही, आणि समोरचा हा मेसेज नक्की काढणार. एका प्रश्नाने तुम्ही व्यापारी होत नाही, पण खरोखर वापरायला घेतलं असेल तर तसं स्पष्ट लिहा, हातातले फोटो असतील तर तेही जोडा.

तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगात चालेल, तुम्ही राहता तिथे करता येते, मुंबईच्या फेऱ्या नकोत. वस्तूची किंमत 5 लाखांच्या आत असल्याने फी नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. पूर्ण रक्कम, व्याज आणि कारागिराचा खर्च मागा. कायदा म्हणतो तपासणी नसेल तर तीन महिन्यांत निकाल, असेल तर पाच. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडत वर्षं जातात आणि सामान्य माणूस थकून सोडून देतो, हे संतापजनक आहे, पण दाखलच केलं नाही तर तेवढीही आशा नाही.

पोलिसात जायचं म्हणताय, जा, पण विकताना त्याला माहीत होतं हे दाखवणं अवघड जातं, आणि पोलीस ‘दिवाणी वाद आहे’ म्हणून परत पाठवण्याचीच शक्यता जास्त. त्यात हे उरलेले आठवडे घालवू नका, या आठवड्यात आधी आयोगातली तक्रार दाखल करा.