व्हीलचेअरचा झोपाळा मागा, पण शेवटच्या ओळीत

ताई, तुमचा प्रश्न असा : जवळच्या महापालिकेच्या उद्यानाचं नूतनीकरण निघालंय, मुलगी नऊ वर्षांची, सेरेब्रल पाल्सीमुळे व्हीलचेअरवर. काही पालक नगरसेवकांकडे व्हीलचेअरसकट चढता येईल असा झोपाळा मागणारं पत्र देतायत, त्यावर सही करावी का? जरूर करा. फक्त त्या पत्रात झोपाळा सगळ्यात शेवटी जाऊ द्या.

झोपाळ्याशी माझं वैर नाही. पण मूल आणि खुर्ची मिळून वजन बरंच होतं, आणि एवढं वजन हेलकावत असताना मध्ये दुसरं पोर आलं तर जबर मार बसतो. म्हणून त्याला कुंपण लागतं. ऑस्ट्रेलियात लिबर्टी स्विंग नावाचा असा झोपाळा आहे, तो कुंपणात असतो आणि किल्लीने उघडावा लागतो. आपल्याकडे ती किल्ली वॉचमनकडे असणार, आणि वॉचमन जेवायला गेलेला असणार. उघडलाच, तरी तुमची मुलगी आत एकटी आणि बाकीची पोरं जाळीबाहेर. उद्घाटनाच्या फोटोत मात्र तो फार छान दिसतो.

खरी अडवणूक गेटवर होते. बाइक आत येतात म्हणून खांब रोवतात किंवा लोखंडी झिगझॅग फाटक लावतात. जायला निदान 900 मिमी मोकळी जागा हवी आणि खुर्ची जागच्या जागी वळायला 1500 मिमीचा घेर. झिगझॅगमध्ये हा घेर जवळपास कधीच मिळत नाही. उद्यान विभाग म्हणेल, एवढी जागा ठेवली तर बाइकही जाईल. ते खोटं नाही, जातेच. पण त्यावर उपाय म्हणजे गेटवर माणूस आणि बाहेर नीट पार्किंग. शेजारी कुलूपबंद छोटं गेट काढून देतो म्हणाले तर ऐकू नका, परत तीच किल्लीची गोष्ट.

गेटपाशी पायऱ्या असतील तर उताराचं गणित सोपं आहे, 1:12. म्हणजे 15 सेंमीच्या एका पायरीला 1.8 मीटर लांबी, तीन पायऱ्यांना 5.4 मीटर. ठेकेदार जागा नाही म्हणून दीड मीटरमध्ये सिमेंटची घसरगुंडी ओततो आणि बिलात ‘रॅम्प’ लिहितो. त्यामुळे लांबी कागदावर येऊ द्या.

आता जमीन. यावर सगळ्यात जास्त भांडा. खुर्चीची पुढची चाकं लहान असतात, ती वाळूत आणि खडीत रुततात, उचकटलेल्या पेव्हर ब्लॉकला अडकतात. हल्ली खेळण्यांखाली रबर टाकतात, ते चांगलंच. पण ते खड्ड्यात बसवतात आणि भोवती हातभर उंच कर्बचे दगड लावतात. आत मऊ, गुळगुळीत रबर आणि खुर्ची कर्बबाहेर! पायवाट आणि रबर एका पातळीत यायला हवं, निदान एका बाजूने तरी. चौकोनी रबरी टाइल्सच्या कडा उन्हाने वर येतात, जागेवर ओतलेलं सलग रबर महाग पडतं पण टिकतं. पावसाळी गटाराच्या जाळ्याही पाहा : फटी 12-13 मिमीपेक्षा रुंद नकोत आणि चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर चाक फटीत जातं.

एवढं झालं की खेळणी. जमिनीच्या पातळीत बसवलेलं फिरतं चक्र मागा. त्यावर खुर्ची सरळ चढते आणि बाजूला चार पोरं उभी राहतात. टोपलीचा झोपाळा मागा, आडवं पडून दोन-तीन मुलं एकत्र झुलतात. मुलीला खुर्चीतून उचलून ठेवता येत असेल किंवा ती स्वतः सरकत असेल, तर घसरगुंडीपाशी धरायला दांडी असलेला ओटा हवा. अमेरिकन मानकांत त्याची उंची 28 ते 46 सेंमी आहे. वाळू-पाण्याच्या खेळाला टेबल हवं, खाली गुडघे जातील असं, म्हणजे निदान 61 सेंमी मोकळं. ही यादी झोपाळ्यापेक्षा कमी दिखाऊ आहे, पण हिच्यामुळे तुमची मुलगी इतर पोरांच्या घोळक्यात राहते. सावलीचं आणि बाहेर उघडणाऱ्या दाराच्या स्वच्छतागृहाचं वेगळं सांगायला नको.

कायद्याचं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत करमणुकीच्या जागाही येतात. नवीन बांधकामासाठी कलम 44 आणि जुन्यासाठी कलम 45 लिहा. जुन्या जागा दिव्यांगांना वापरता येतील अशा करायला कलम 45 ने दिलेली पाच वर्षांची मुदत नियम आले तेव्हापासून, म्हणजे जून 2017 पासून मोजतात, ती कधीच उलटली. ‘ही मापं म्हणजे फक्त मार्गदर्शक सूचना आहेत’ असं ऐकायला मिळेल. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी प्रकरणात याच मुद्द्यावर 2017 च्या नियमांतला, अशी मापं ठरवणारा नियम 15(1) कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला बंधनकारक किमान नियम करायला सांगितलं. निकालाची प्रत अर्जाला जोडा.

स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी राखायचे असतात, तो निधीही कोणीतरी सुचवेल. खास खेळण्यांसाठी घ्या, पण गेट आणि पायवाट त्यातून करू देऊ नका. ते मूळ कामाच्या अंदाजपत्रकातच यायला हवं.

म्हणून आधी अंदाजपत्रक आणि नकाशा मिळवा. क्षेत्रीय कार्यालयात कनिष्ठ अभियंत्याकडे नुसतं मागूनही बऱ्याचदा मिळतो. नाहीच दिला तर माहितीचा अधिकार, 10 रुपये, 30 दिवस. काम सुरू होण्याआधी कर्ब वगळायला काही खर्च नसतो, नंतर फोडायला वेगळी निविदा लागते. अर्जाची प्रत पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांना पाठवा, आणि पोच न घेता कार्यालयातून उठू नका.

रविवारी टेप घेऊन गेटची रुंदी, पायऱ्यांची उंची आणि मुलीच्या खुर्चीची रुंदी मोजा. आकडे इथे टाका, अर्जाचा मसुदा मी करून देते.