अपुऱ्या दिवसांचे मूल आणि रोजचा रक्तदाब

अपुऱ्या दिवसांत जन्मलेल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो: "पुढे याच्या रक्तवाहिन्यांना त्रास होतो, असे वाचले; आता काय करायचे?" पुढील अनुभव अशा अनेक कुटुंबांवरून बेतलेला असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिसाव्या आठवड्यात जन्मलेला मुलगा आता 9 वर्षांचा होता. आई रोज अनेकदा त्याचा रक्तदाब मोजून वहीत लिहीत असे आणि त्याला पळण्याची मनाई होती.

मी तिला कोरडा धीर दिला नाही, कारण तिने वाचलेले खोटे नव्हते. धमन्यांना लवचीक ठेवणारे इलॅस्टिन गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत झपाट्याने साठते आणि मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्या साधारण 36व्या आठवड्यापर्यंत तयार होत राहतात. हा काळ गर्भाशयाबाहेर गेलेल्या मुलांचा रक्तदाब पुढे सरासरीने पाऱ्याच्या काही मिलिमीटरने अधिक आढळतो. मात्र ही सरासरी गटाची आहे, ते एका मुलाचे भाकीत नव्हे. हे तिला पटले, तरी मोजणे थांबले नाही.

एका भेटीत मी विचारले, "पट्टा बांधताना तुम्ही मनात काय शोधत असता?"

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "माझे शरीर त्याला जिथे कमी पडले, ते नुकसान कुठवर गेले आहे, ते."

"आणि आकडा चांगला आला, तर?"

"तर यंत्र चुकले असेल, असे वाटते."

काळजी कशाची आहे यापेक्षा ती माणसासाठी कोणते काम करते हे आधी पाहावे, अशी माझी जुनी धारणा आहे, आणि ती येथेही खरी ठरली. मोजमाप मुलाचे चालले होते, पण खटला आईवर होता. त्यामुळे कोणताही आकडा तिला निर्दोष ठरवू शकत नव्हता. वही तिने स्वतःहून बालरोगतज्ज्ञांना दाखवली, तेव्हा घरचा पट्टा मोठ्यांचा असल्याचे कळले. लहान दंडावर असा पट्टा रक्तदाब प्रत्यक्षाहून कमी दाखवतो, म्हणजे तिचा अविश्वास अगदीच निराधार नव्हता! योग्य पट्ट्याने मोजलेला रक्तदाब वयानुसार ठीक निघाला. ज्या पळण्याला तिने बंदी घातली होती, तेच रक्तवाहिन्यांना हितकारक असल्याचेही डॉक्टरांनी सांगितले.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 3 वर्षांपुढे प्रत्येक मुलाचा रक्तदाब वर्षातून एकदा तपासावा आणि 32 आठवड्यांआधी जन्मलेल्यांचा त्याआधीही तपासत जावे. घरी मोजायचा तो डॉक्टरांनी सांगितले तरच. रोजचा खेळ, बेताचे मीठ, आटोक्यातील वजन आणि धूरमुक्त घर एवढे सांभाळावे. मूल जाणते झाले की आपण कितव्या आठवड्यात जन्मलो हे त्याला शांतपणे सांगावे आणि जन्मवेळचे कागद त्याच्या हाती द्यावेत, कारण मोठेपणीचे डॉक्टर हा प्रश्न सहसा विचारत नाहीत.