‘संकरित गाळणी’ नको, जोडगाळणी लिहा

ताई, वीज केंद्रात धुरातली राख अडवणाऱ्या ‘हायब्रिड फिल्टर’ला ग्रामसभेच्या पत्रकात ‘संकरित गाळणी’ म्हटलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, नको.

आपल्या विदर्भात ‘संकरित’ हा शब्द बियाण्याच्या पिशवीवरून घराघरांत आला. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली आणि पुढे नुसतं ‘हायब्रीड’ म्हटलं की ज्वारीच समजू लागले. संकर म्हणजे दोन वाणांपासून तिसरा निपजणं. इथे काहीच निपजत नाही. एकाच पेटीत दोन यंत्रणा मागेपुढे असतात. पुढे ईएसपी, म्हणजे विजेच्या जोरावर धुरातली राख ओढून घेणारी यंत्रणा. तिच्यात राखेच्या कणांना विद्युतभार मिळतो, ते पत्र्यांना चिकटतात, ठोके पडले की खाली हॉपरमध्ये, म्हणजे राख गोळा होणाऱ्या नरसाळ्यात. आपल्या कोळशात राख भरपूर, गंधक कमी. अशी राख विजेला नीट दाद देत नाही, बारीक कण निसटतात. म्हणून मागचे पत्रे काढून तिथे कापडी पिशव्या टांगतात. २०१५ च्या नियमांनी धुराच्या घनमीटरमागे धुळीची मर्यादा वीजसंचाच्या वयानुसार १००, ५० आणि ३० मिलिग्रॅम केली, ती गाठायला हा मार्ग सोयीचा.

या पिशवीचं काम सांगणारा शब्द आपल्याकडे कधीचा आहे : वस्त्रगाळ. आजी सुंठ कुटून झाली की पातेल्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा ताणून बांधायची आणि वरून बोटं फिरवत राहायची. खाली पडायचं ते वस्त्रगाळ, वरचं पुन्हा खलबत्त्यात. कापडाची भोकं पुडीनं जरा बुजली की आणखी बारीक यायचं. पिशवीवरही राखेचा थर बसतो आणि तोच खरं गाळतो.

पण जपून. ‘वस्त्रगाळ राख’ लिहिलंत तर अर्थ उलटा होईल. राख कापडावर अडते. वस्त्रगाळ होतो तो धूर.

म्हणून ‘जोडगाळणी’ लिहा, जोडधंदा-जोडाक्षरासारखं. ईएसपी गाळत नाही, ओढून घेते, हे मान्य. तरी दोन मिळून एक काम, हे त्यातून कळतं.

आणि धुराबरोबर उडणाऱ्या या बारीक राखेला ‘फ्लाय ॲश’ऐवजी ‘राखड’ लिहा. राख चुलीतली, भांडी घासायची. मुंगवड्यांच्या वाळवणावर सकाळी बोट फिरवल्यावर जे करडं लागतं, त्याला आमच्या गावातल्या बाया राखडच म्हणतात.