ताई, त्या अर्जावर सही करू नका

ताई, तुमची अडचण वाचली. मुलगी तिसरीत, जवळपास काहीच दिसत नाही, ब्रेल शिकतेय, आणि मुख्याध्यापिका म्हणतात आमच्याकडे स्पेशल टीचर नाही, अंधशाळेत घाला. वर टाईप केलेला अर्जच पुढे सरकवला, 'पालक स्वेच्छेने शाळा सोडल्याचा दाखला मागत आहेत', खाली फक्त सही बाकी. सही नाही केली तर तिला काढून टाकतील का, असं विचारलंय.

नाही. त्यांना स्वतःहून काढता येत नाही, म्हणून तर तो 'स्वेच्छेने' शब्द घातलाय. एकदा सही झाली की नंतर कुठेही तक्रार करा, शाळा तोच कागद दाखवणार, आणि मग आमच्यासारख्यांचे हात बांधले जातात हो.

आरटीई 2009, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, त्याचं कलम 16 म्हणतं की आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्येही आपल्या कामाचं कलम 16च आहे, अनुदानित किंवा नुसती सरकारी मान्यता असलेली शाळा असली तरी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायची, म्हणजे खाजगी शाळाही त्यात आल्या. (शाळा अल्पसंख्याक असेल तर 2014 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे आरटीई चालणार नाही, तिथे दिव्यांग कायदाच धरा.) अंधशाळा वाईट असं मी म्हणत नाही, बऱ्याच मुलांना तिथे छान पाया मिळतो, पण 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळची शाळा की विशेष शाळा ही निवड दिव्यांग कायद्याच्याच कलम 31 ने दिलीय, ती मुख्याध्यापिकांनी करायची नाही. टीचर नाही ही तर शाळेची आणि शिक्षण खात्याची अडचण झाली, त्याची शिक्षा पोरीला का?

आता तुम्ही स्वतः एक अर्ज लिहा. नुसतं 'सोय करा' नको, नेमकं लिहा: ब्रेल पुस्तकं, पेपरला जास्त वेळ आणि लेखनिक, विशेष शिक्षकाची मागणी, आणि बाईंनी फळ्यावर लिहिताना 'हे असं आलं' न म्हणता प्रत्येक आकडा मोठ्याने वाचायचा. या शेवटच्या गोष्टीला एक रुपयाही लागत नाही. सोबत दिव्यांग प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडा, आवक नंबर आणि शिक्का घ्या, घेत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा, एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. तरी हललं नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार, त्यांना समन्स काढायचे आणि कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, आणि हा दिव्यांग कायदा मोडला तर पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आणि तोपर्यंत तिला रोज शाळेत पाठवत रहा, कितीही टोमणे आले तरी. गैरहजेरी लागली तर उद्या तीच तुमच्याविरुद्ध वापरतील.