वाचकांचे प्रश्न : जुनी जर्मन स्पोर्ट्स सेडान घेताना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे जर्मन बनावटीच्या वेगवान सेडान गाड्या सेकंड हँड घेण्याविषयीची आहेत. त्यांतली पाच पत्रे येथे संक्षेपाने देऊन उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : २०२१ सालची, पहिल्याच मालकाकडे असलेली आणि ४१ हजार किलोमीटर चाललेली बीएमडब्ल्यू एम३४०आय मला ५० लाखांत सांगितली आहे. ऑडी एस५ स्पोर्टबॅक आणि जरा जुनी मर्सिडीज-एएमजी सी४३ या गाड्याही माझ्या पाहण्यात आल्या आहेत. कोणती घ्यावी आणि घेण्यापूर्वी काय तपासावे? (एक वाचक, बाणेर)

उत्तर : तिन्ही गाड्या चांगल्या आहेत; परंतु पुण्यात राहून रोज चालवायची असेल तर आमचे मत एम३४०आयच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण तिच्या वेगाशी फारसे संबंधित नाही. ही गाडी मार्च २०२१ मध्ये भारतात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत ६२.९० लाख रुपये होती. तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन, ३८७ हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन मीटर टॉर्क आणि शून्यावरून शंभरावर जाण्यास ४.४ सेकंद, हे आकडे आपल्याला पाठ असतीलच. महत्त्वाची बाब अशी की तिची जोडणी चेन्नईत होते आणि थ्री सिरीजच्या इतर गाड्यांशी तिचे बरेच भाग समान आहेत. त्यामुळे दरवाजा, काच किंवा सस्पेन्शनचा एखादा भाग मिळवणे तुलनेने सोपे जाते. एस५ स्पोर्टबॅक पूर्ण तयार स्थितीत आयात झालेली गाडी आहे. तिच्या पुढच्या बंपरला किंवा हेडलॅम्पला मार लागला, तर भाग परदेशातून येईपर्यंत गाडी वर्कशॉपमध्ये उभी ठेवण्याची तयारी हवी. सी४३चे ३६७ हॉर्सपॉवरचे व्ही६ इंजिन आवाजाला अधिक रसरशीत आहे, हे मान्य करूनही, आपल्याला मिळणारी गाडी वयाने जास्त असेल आणि एम३४०आयवर कदाचित घेता येईल ती वाढीव वॉरंटी तिच्यावर मिळण्याची शक्यता कमी, हे लक्षात ठेवावे.

अशा गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, पण तिच्या सुट्या भागांची आणि मजुरीची किंमत उतरत नाही. पन्नास लाखांना घेतलेल्या गाडीचे ब्रेक, टायर आणि शॉक अॅब्सॉर्बर हे नव्या गाडीच्याच भावाने घ्यावे लागतात. आणि गाडी आणखी जुनी होऊन वीस लाखांवर आली तरी तो भाव तोच राहतो. म्हणून खरेदीच्या रकमेच्या साधारण दहा टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला काढून ठेवता येत नसेल, तर एक पायरी खालची गाडी घ्यावी, असे आम्ही सुचवतो. सगळी रक्कम गाडीत घालून देखभालीला हात आखडता घेणारा मालकच पुढे ती गाडी विकायला काढतो, आणि तशीच गाडी आपल्या गळ्यात पडू नये यासाठी पुढची तपासणी आहे.

प्रथम चॅसिस क्रमांक घेऊन अधिकृत वर्कशॉपमधून सर्व्हिसचा संपूर्ण इतिहास मागवावा. बीएमडब्ल्यूच्या किल्लीतही किलोमीटर आणि सर्व्हिसची माहिती साठवलेली असते. ती वर्कशॉपमध्ये वाचून घेतली आणि मीटरशी जुळली नाही, तर मीटर फिरवला आहे असे समजण्यास हरकत नाही. ‘डॉक्टरांची गाडी आहे, फक्त रविवारी बाहेर निघते’ हे वाक्य पुण्यातला प्रत्येक एजंट म्हणतो; कागद मात्र डॉक्टरांनाही चुकत नाहीत.

गाडी पाहायला जाताना विक्रेत्याला आधीच सांगावे की ती सकाळपासून चालू केलेली नसावी, आणि पोहोचल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवून ती थंड असल्याची खात्री करावी. आधीच तापवून ठेवलेली गाडी पहिल्या काही सेकंदांतली इंजिनातल्या टायमिंग साखळीची खडखड आणि सायलेन्सरमधला धूर दोन्ही लपवते. थंड इंजिनावरच कूलंटच्या टाकीचे झाकण उघडून पातळी पाहावी. ती कमी असेल आणि विक्रेता ‘जरासे टाकले की झाले’ म्हणत असेल, तर ते का कमी झाले याचे उत्तर आधी मिळाले पाहिजे. या इंजिनात ऑईल फिल्टरच्या घराभोवती आणि व्हॉल्व्ह कव्हरच्या कडेने तेल झिरपण्याची तक्रार जगभर ऐकू येते. टॉर्च घेऊन तेथे ओलसर काळपट थर दिसतो का, हे पाहावे.

आठ गिअरच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही असे सांगणारे अनेक जण भेटतील. हा गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलण्याचा सल्ला देते, आणि पुण्याच्या रहदारीत आम्ही त्यातला खालचा आकडा धरू. म्हणजे आपल्या गाडीला हा खर्च तीन-चार वर्षांत येणार, तो आत्ताच हिशेबात धरावा.

टायरकडे थोडा अधिक वेळ द्यावा. प्रत्येक टायरच्या बाजूच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते आणि तिच्या शेवटी चार अंकांचा आकडा असतो. ‘२३२१’ याचा अर्थ २०२१च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे आणि सारखे झिजलेले आहेत का, आणि त्यांवर बीएमडब्ल्यूने मान्य केल्याची तारेची खूण आहे का, हे बघावे. ही चारही चाकांना ताकद देणारी गाडी असल्यामुळे पुढच्या आणि मागच्या टायरच्या झिजेत मोठा फरक राहिला, तर ताकद वाटून देणारा ट्रान्सफर केस खराब होतो, आणि त्याचे बिल टायरच्या बिलापेक्षा कितीतरी मोठे असते. मालकाने पैसे वाचवण्यासाठी दोनच टायर वेगळ्या कंपनीचे टाकलेले दिसले, तर त्याने इतरत्रही असेच वाचवले असेल, हे गृहीत धरावे.

शेवटची बाब रीमॅपची. इंजिनाचा संगणक बदलून ‘स्टेज वन’ करून घेतलेल्या गाड्या पुण्यात पुष्कळ आहेत, आणि विकण्यापूर्वी तो पुन्हा मूळ स्थितीत आणला जातो. अधिकृत वर्कशॉपच्या स्कॅनवर अनेकदा त्याच्या खुणा राहतात. रीमॅप केलेली प्रत्येक गाडी वाईट असते असे नाही, पण तिच्यावरची वॉरंटी गेलेली असू शकते आणि किंमत त्या मानाने ठरली पाहिजे. विक्रेत्याने अधिकृत वर्कशॉपमध्ये आपल्या खर्चाने तपासणी करू देण्यास नकार दिला, तर तेथून निघावे.

प्रश्न : २०१२ सालची, ६.२ लिटर व्ही८ इंजिनाची मर्सिडीज सी६३ एएमजी एका ओळखीच्या गृहस्थांकडे आहे. किंमत नव्या मध्यम एसयूव्हीइतकी. मोह आवरत नाही. (एक वाचक, बिबवेवाडी)

उत्तर : मोह समजण्यासारखा आहे. एम१५६ या सांकेतिक नावाचे हे ६२०८ सीसीचे इंजिन टर्बोशिवाय ४५७ हॉर्सपॉवर देते आणि मर्सिडीज अशी इंजिने आता बनवत नाही. परंतु या इंजिनाचे दोन दुखरे कोपरे सर्वज्ञात आहेत. सुरुवातीच्या इंजिनांत सिलिंडर हेडचे बोल्ट कमकुवत निघाले आणि ते तुटले की कूलंट थेट सिलिंडरमध्ये उतरते. कंपनीने पुढे, साधारण २०११च्या सुमारास, बोल्ट बदलले. तरीही आपल्या गाडीचा इंजिन क्रमांक देऊन त्यात कोणते बोल्ट आहेत याची लेखी खात्री वर्कशॉपकडून करून घ्यावी. दुसरी तक्रार कॅमशाफ्ट आणि लिफ्टरच्या झिजेची आहे. थंड इंजिन सुरू केल्यावर वरच्या बाजूने येणारी टिकटिक मिनिटभरात थांबली नाही, तर व्हॉल्व्ह कव्हर उघडून पाहिल्याशिवाय सौदा करू नये.

कागदांचा मुद्दाही आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे या गाडीची मुदत २०२७ मध्ये संपेल आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागेल. घरात रोजच्या वापराची दुसरी गाडी असेल, आणि ही गाडी वर्षातून काही आठवडे वर्कशॉपमध्ये राहिली तरी चिडचिड होणार नसेल, तर घ्यावी. एकमेव गाडी म्हणून मुळीच घेऊ नये.

प्रश्न : माझ्या मुलाने दिल्ली पासिंगची ऑडी एस४ पाहिली आहे. येथल्या भावापेक्षा चार-पाच लाखांनी स्वस्त आहे. एजंट म्हणतो, नंबर बदलायची गरज नाही, पुण्यात कोण विचारतो? मी निवृत्त सरकारी कर्मचारी असल्याने मला हे पटत नाही. (एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : आपल्याला पटत नाही तेच बरोबर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवल्यास येथे नव्याने नोंदवावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते, कर्ज असल्यास बँकेचा बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५ लागतो, आणि महाराष्ट्राचा रस्ता कर भरावा लागतो. वीस लाखांहून महाग खासगी पेट्रोल गाडीला हा कर १३ टक्के आहे. गाडीच्या वयानुसार त्यात कपात होते, परंतु उरलेली रक्कमही लहान नसते. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मिळवण्यासाठी अर्ज वेगळा करावा लागतो, आणि त्यामागे लागणारा वेळ कोणाचा, हे एजंट सांगणार नाही. हे सगळे जमेस धरले की चार-पाच लाखांतले किती उरतात ते आपल्या चिरंजीवांना कागदावर मांडून दाखवावे. वाद आपोआप मिटेल.

आणखी एक विचार करावा. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर आलेल्या बंधनांमुळे त्या बाहेर विकल्या जातात, हे खरे. पण एस४ पेट्रोलवर चालते, तेव्हा ती इतक्या दूर स्वस्तात येण्याचे कारण विचारले पाहिजे. पुरात बुडालेली गाडी असण्याची शक्यता तपासण्याचा साधा मार्ग असा की मागच्या आसनाचा सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. धुऊन-पुसून चकचकीत केलेल्या गाडीतही बेल्टच्या आतल्या, सहसा कधीच बाहेर न येणाऱ्या भागावर गढूळ पाण्याची रेघ राहते. त्याचबरोबर पुढच्या आसनाच्या खालच्या रुळावरचा गंज आणि गालिच्याखालच्या वायरींच्या जोडांवरची हिरवट पूड पाहावी. यासाठी दिल्लीच कशाला हवी? जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. पुण्याची गाडी घेतानाही बेल्ट ओढून पाहावाच.

प्रश्न : वाकड ते खराडी रोजचा प्रवास आहे. अशी गाडी गतिरोधक, पावसाळा आणि ई२० (म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल यांत टिकते का? (एक वाचक, वाकड)

उत्तर : टिकते, परंतु थोडी शिस्त पाळावी लागते. सोसायट्यांच्या दारातले हाताने घडवलेले गतिरोधक कोणत्याही मापात बसत नाहीत. गाडी तिरकी करून एकेक चाक चढवणे हाच उपाय आहे आणि मागच्याने हॉर्न वाजवला तरी तो सोडू नये. लो प्रोफाइल टायरमुळे खड्ड्यात अॅलॉय व्हील वाकण्याची शक्यता अधिक असते. ताशी ८० ते १०० किलोमीटर वेगाला स्टिअरिंग थरथरू लागले, तर चाक काढून बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून पाहावे. अनेक गाड्यांना रन-फ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे, टायर असतात आणि डिकीत स्टेपनी नसते, हेही घरच्यांना माहीत असू द्यावे.

पेट्रोलबाबत एजंटाच्या किंवा पंपावरच्या मताला महत्त्व देऊ नये. गाडीच्या पुस्तिकेत आणि टाकीच्या झाकणाच्या आत इथेनॉलची कमाल मर्यादा आणि किमान ऑक्टेन छापलेले असते. काही गाड्यांना ई२५ पर्यंत चालते, जुन्या गाड्यांत बहुधा ई१० पर्यंतच. इंडियन ऑईलचे १०० ऑक्टेन पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये निवडक शहरांत सुरू झाले तेव्हा त्यांत पुणे होते, पण त्याचा भाव पाहता रोज ते भरण्याची आवश्यकता आम्हाला वाटत नाही. पावसाळ्यात भुयारी मार्गात पाणी साचलेले दिसले तर गाडी वळवावी. पाण्यात इंजिन बंद पडले, तर पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असताना बटण दाबले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टो करूनच न्यावी.

प्रश्न : विक्रेता म्हणतो की विमा वर्षअखेरपर्यंत आहे, वेगळे काही करायला नको. बरोबर आहे का? (एक वाचक, कोंढवा)

उत्तर : अर्धेच बरोबर आहे. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो, परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण आपल्या नावावर करून घेण्यासाठी चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. तो न करता अपघात झाला तर दावा नाकारला जाऊ शकतो. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याच्याकडेच राहतो, म्हणून फरकाची रक्कम आपल्याला भरावी लागेल. झिरो डेप्रिसिएशन (घसारा न कापता भागांची भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्शन (इंजिनाच्या नुकसानीचे संरक्षण) ही दोन्ही जोडपत्रे गाडीच्या वयाला मिळतात का, हे सौदा ठरण्यापूर्वीच लेखी विचारावे. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या झाल्या की त्यांच्या पोचपावतीची प्रत त्याच दिवशी विमा कंपनीला ईमेलने पाठवावी.