मंदी चालू असताना नटांनी संपाची हाक देणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं नाही का?

मंदीमुळे संप बुडतो असं मला वाटत नाही. संघटनेत फूट असेल तर बुडतो, आणि मंदी ती फूट उघड्यावर आणते. हॉलिवूडच्या नटांनी 2008-09 मध्ये संपाची तयारी केली आणि शेवटी तो केलाच नाही, ते प्रकरण मला यासाठी फार बोलकं वाटतं. म्हणून तेच जरा सविस्तर लिहितो. मी स्वतः नट नाही. मुंबईत मालिकांच्या प्रॉडक्शनमध्ये हिशेब बघतो, त्यामुळे कलाकाराचा पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो हे रोज डोळ्यांसमोर असतं.

स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड, म्हणजे सॅग, या संघटनेचा सिनेमा-टीव्हीचा मुख्य करार 30 जून 2008 ला संपला. त्याच्या काही महिने आधी लेखकांचा 100 दिवसांचा संप मिटला होता. मेकअपवाले, सुतार, ड्रायव्हर, जेवण पुरवणारे अशा सगळ्यांची शिल्लक त्यात खर्ची पडली होती. दिग्दर्शकांनी तर संप न करताच जानेवारीत आपला करार उरकला होता. नटांची पाळी आली तेव्हा निर्मात्यांच्या हातात तयार नमुना होता आणि त्यांचं म्हणणं एकच होतं: बाकीच्यांनी घेतलं तेच तुम्हीही घ्या.

भांडण मुख्यतः इंटरनेटवरून होतं. टीव्हीवर दाखवलेली मालिका नेटवर पुन्हा दाखवली तर पहिले 17 दिवस, आणि नवी मालिका असेल तर 24 दिवस, कलाकाराला काही द्यायचं नाही, असं त्या नमुन्यात होतं. शिवाय फक्त नेटसाठी केलेल्या ज्या कामांचा खर्च मिनिटाला 15,000 डॉलरच्या आत आहे, त्यांना संघटनेच्या नियमांचं पूर्ण संरक्षण नव्हतं. सॅगला ते सरसकट सगळ्या कामांना हवं होतं. तेव्हा नेटवरून मिळणारा पैसा किरकोळ होता, म्हणून ‘एवढ्याशा गोष्टीसाठी संप?’ असं अनेकांना वाटलं. पण नटांना जुना अनुभव होता. व्हिडिओ कॅसेटच्या काळात ठरलेलं मोबदल्याचं सूत्र पुढे डीव्हीडीलाही तसंच चिकटलं आणि कितीही बोलणी झाली तरी हललं नाही. नव्या माध्यमाचा पहिला करार कच्चा झाला की त्याची किंमत पुढची वीस वर्षं मोजावी लागते, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. 1960 चा त्यांचा संप सिनेमे टीव्हीला विकले जाऊ लागल्यावरचा (तेव्हा संघटनेचे अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन, तेच पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले!), आणि 1980 चा पे-टीव्ही व कॅसेटवरून. म्हणजे मागणी अवास्तव नव्हती.

मग घोडं पेंड कुठे खाल्लं? टीव्ही-रेडिओच्या कलाकारांची आफ्ट्रा नावाची दुसरी संघटना होती. 1981 पासून दोन्ही संघटना हा करार एकत्र बसून करत आल्या होत्या. 2008 च्या मार्चमध्ये त्यांचं बिनसलं. आफ्ट्राने एकटीने बोलणी करून करार ठरवला. तो हाणून पाडायला सॅगने जोरदार प्रचार केला, कारण सुमारे 44,000 कलाकार दोन्हीकडे सभासद होते. तरी जुलैमध्ये आफ्ट्राचा करार 62.4 टक्के मतांनी मंजूर झाला.

बाहेरच्यांना ही अंतर्गत कुरबुर वाटली असेल. माझ्या मते सगळी बाजी तिथेच पलटली. पूर्वीची वाटणी ढोबळ होती: फिल्मवर चित्रीकरण असेल तर काम सॅगचं, व्हिडिओ टेपवर असेल तर बहुधा आफ्ट्राचं. डिजिटल कॅमेरे आले आणि ती रेघ पुसली गेली. डिजिटलवर चित्रित केलेली टीव्ही मालिका कोणत्या संघटनेच्या कराराखाली करायची, हे आता निर्माता ठरवू शकत होता. एकीकडे मुदत संपलेला करार आणि डोक्यावर संपाची टांगती तलवार, दुसरीकडे सही झालेला ताजा करार. निर्माता कुठे जाईल हे सांगायला हिशेबनीस लागत नाही. 2009 साली टीव्हीच्या नव्या मालिकांचे जे पायलट (म्हणजे चाचणीसाठी केलेले पहिले भाग) बनले, त्यांतले बहुतेक आफ्ट्राकडे गेले. म्हणजे सॅगने संप केला असता तरी टीव्हीचा मोठा भाग चालूच राहिला असता, आणि त्यात काम करणारे अनेक चेहरे सॅगचेच सभासद असते.

सिनेमाच्या बाजूला स्टुडिओंनी वेगळीच सोय केली होती. 30 जूनच्या आत जेवढं चित्रीकरण उरकेल तेवढं त्यांनी उरकून घेतलं आणि त्यानंतरच्या तारखांचे मोठे सिनेमे सुरू करायला हात आखडता घेतला. संप झाला नाही, पण त्याच्या भीतीने काम मात्र कमी झालं. अशा वेळी कामगाराला संपाचा तोटा होतो आणि फायदा शून्य.

मंदीचा खरा तडाखा बसला तो या सगळ्यानंतर. 15 सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक बुडाली. नोव्हेंबरमध्ये सरकारी मध्यस्थाच्या मदतीने झालेली बोलणीही फिसकटली आणि सॅगचे अध्यक्ष अ‍ॅलन रोझेनबर्ग आणि मुख्य वाटाघाटीकार डग अ‍ॅलन यांनी संपाच्या अधिकारासाठी सभासदांचा कौल घ्यायचं जाहीर केलं. मत देणाऱ्यांपैकी 75 टक्के बाजूने हवे होते. डिसेंबरमध्ये जॉर्ज क्लूनी, टॉम हँक्स, मॅट डेमन यांच्यासह 130 हून जास्त नामवंतांनी पत्रक काढलं: या काळात लोकांना घरी बसवू नका, विरोधात मत द्या. मेल गिब्सन, मार्टिन शीन वगैरे दुसऱ्या बाजूला उभे राहिले.

त्या पत्रकाची खूप टिंगल झाली. कोट्यधीशांनी गरिबांच्या भाकरीची काळजी करावी, याची गंमत वाटणारच. सॅगच्या बहुसंख्य सभासदांना अभिनयातून वर्षाला मिळतं ते घरभाड्यालाही पुरत नाही. दुसरी नोकरी असतेच. गंमत अशी की ज्याला कामच मिळत नाही त्याचं संपात जात काही नाही, आणि ज्याला नियमित काम आहे त्याचं सगळंच जातं. त्यामुळे मंदीत एकाच संघटनेतले हे दोघं एकमेकांकडे संशयाने बघू लागतात. तरीही पत्रकातला एक मुद्दा मला बिनतोड वाटतो. ‘अधिकार फक्त द्या, तो वापरायचा नाहीये, नुसता दबाव टाकायचाय’ असा प्रचार नेतृत्व करत होतं. पत्रक म्हणत होतं की असं नसतं; बोलणी फसली तर संप करायचाच, हे मान्य असेल तरच हो म्हणा. समोरच्या टेबलावर बसलेल्यांनाही हे कळत होतंच की. 75 टक्के मिळतील की नाही याचीच खात्री नसलेल्या संघटनेला कोण घाबरतं?

पुढचं पटापट झालं. कौल आधी पुढे ढकलला गेला, जानेवारीत कार्यकारिणीची बैठक दिवसाहून जास्त लांबली, आणि 26 तारखेला डग अ‍ॅलन यांनाच हटवलं. रोझेनबर्ग कोर्टात गेले, तिथेही हाती काही लागलं नाही. जून 2009 मध्ये 78 टक्के मतांनी जो करार मंजूर झाला तो जवळपास आधीचाच होता. तीन टक्क्यांची वाढ मात्र वर्षभर उशिरा मिळाली. एकच कामाची गोष्ट पदरात पडली: नव्या कराराची मुदत 30 जून 2011 ला संपणार होती, म्हणजे आफ्ट्राच्या बरोबरीने. पुढच्या खेपेला दोघी एकत्र बसल्या आणि 30 मार्च 2012 ला विलीनच झाल्या.

तुम्ही म्हणाल, हे मंदीतल्या अपयशाचंच उदाहरण झालं. मग 1933 बघा. महामंदीत, मार्च महिन्यात, स्टुडिओंनी पगार निम्मे करायचं ठरवलं. ज्यांची मजबूत संघटना होती त्या तंत्रज्ञांनी कपातीला नकार दिला. नटांकडे तशी संघटना नव्हती, त्यांना कपात सोसावी लागली. त्याच वर्षी सॅगचा जन्म झाला आणि 1937 मध्ये संपाच्या तयारीच्या जोरावर तिने स्टुडिओंकडून मान्यता मिळवली. तेव्हाही अमेरिका मंदीतून पुरती सावरली नव्हती.

आपल्याकडे संप आणि मंदी म्हटलं की 1982 चा गिरणी संप डोक्यात येतो आणि चर्चा तिथेच संपते. पण ऑक्टोबर 2008 मध्ये, म्हणजे अमेरिकेत हे सगळं चाललं होतं तेव्हाच, मुंबईत फिल्म कामगारांच्या फेडरेशनने थकलेल्या पैशांसाठी शूटिंग बंद पाडलं होतं. नोव्हेंबरमध्ये मालिकांचं कामही थांबलं आणि वाहिन्यांवर जुने भाग दाखवायची वेळ आली. आपल्या मालिकांत कलाकाराचं बिल 90 दिवसांनी निघतं, तेही सगळं सुरळीत असेल तर. हातात तीन महिन्यांचे पैसे बाहेर अडकलेले असताना संप करणं किती अवघड असतं, हे तिथल्या नटांपेक्षा इथल्यांना जास्त कळतं.

हॉलिवूडच्या नटांनी शेवटी संप केला तो 14 जुलै 2023 ला. तो 118 दिवस चालला. तेव्हा कौल 97.91 टक्के होता, लेखक आधीपासून रस्त्यावर होते, आणि काम वळवायला आफ्ट्रा नावाची पळवाट उरली नव्हती. स्ट्रीमिंगच्या मोबदल्यात थोडी भर पडली, एआयबद्दल काही अटी मिळाल्या. मात्र लॉस एंजेलिसमधलं चित्रीकरण त्यानंतर पूर्वीच्या पातळीवर आलं नाही, हेही खरं आहे. काही जण त्याचं खापर संपावर फोडतात. मला स्टुडिओंनी स्ट्रीमिंगवरचा खर्च आखडला आणि इतर राज्यं-देश करसवलती देऊन काम ओढतात, ही कारणं जास्त मोठी वाटतात. पण तिथला एखादा लाइटमन माझ्याशी सहमत होईलच असं नाही.